दहापैकी दहा

ट्रे पांढरा, एनॅमलचा, काठाला टवका उडालेला.
त्यात ओढ्याचं पाणी ओतायचं आणि थांबायचं.
गाळ खाली बसेपर्यंत कुणी बोलायचं नाही
असा माझा नियम. मुलं पाळत नाहीत.

मग एक काडी चालायला लागते.

हिप्परग्याच्या वरच्या अंगाला, बाभळींखाली,
जिथं ओढा दिवाळीपर्यंत तरी
काळ्या गोट्यांवरून आवाज करत येतो,
तिथं सापडते ती. तीन शेपट्या,
पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले, पिसांसारखे हलते.
पंख फुटले की एकच संध्याकाळ जगते, न जेवता.
मराठीत तिला नाव नाही.
वहीत मी तिशेपटी लिहिते.
तिचे गुण दहा.

तक्त्याचं गणित उलटं आहे.
पाणी जरा बिघडलं की जी मरते, तिला दहा.
गोगलगाईला तीन.
गाळातल्या किड्याला, जो कशातही जगतो, एक.
शेवटून दुसऱ्या बाकावरची पुष्पांजली येमूल,
जी प्रात्यक्षिकात बेडूक पाहून बाहेर पळाली होती,
विचारते, मॅडम, नाजूक असण्याचे मार्क असतात?
असतात, म्हटलं.
ओढ्यात असतात.

शहर ओलांडून अक्कलकोट रस्त्यापलीकडं
दुसरा ओढा. सोमवारी निळा, गुरुवारी मेंदी,
लग्नसराईत बारा दिवस सलग गुलाबी.
तिथं जाळं धरून दगड लाथाडले
तर फक्त लाल अळ्या.
केसाएवढ्या, वळवळत्या, शेकड्यांनी.
मोजायला घरी आणल्या.

बाबा चाळीस वर्षं रंगखात्यात.
निवृत्तीला नऊ झाली तरी नखांच्या कडा निळ्या.
त्यांनी चष्मा पुसला, ट्रेवर वाकले,
एक अळी काडीनं उचलून
ओल्या पंचाच्या टोकावर ठेवली
आणि बघत बसले, चादरीचा धागा तपासायचे तसे.
"पक्का आहे," म्हणाले. "उतरत नाही."

रंग नाही तो बाबा, रक्त आहे.
पाण्यातली हवा संपत आली
की उरलीसुरली धरून ठेवायला.

"म्हणजे सोसतात."

सोसतात. म्हणून दोनच गुण.

आतल्या खोलीत आई विड्या वळत होती.
मांडीवर सूप, सुपात पानं, हजाराला अजून दीडशे कमी.
खोकली. थांबली. परत खोकली.
तिला सगळं चालतं,
हे वाक्य आमच्या घरात कौतुकाचं आहे.
ट्रेमधलं पाणी हलत होतं,
मी आकडा विसरले, पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.

रविवारी बाबांना वर घेऊन गेले, हिप्परग्याला.
भिंग दिलं, दोन दगडांमधली फट दाखवली.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग तेलुगूत, स्वतःशीच: "मग्गम्."

माग. जाळी, नखाएवढी, चौकोन चौकोन सारखे.
विणणारी अळी मागं वाळूच्या घरात दडलेली.
तोंडातून रेशीम काढते, वाहत्या पाण्यात ताणते,
प्रवाह जे आणेल ते खाते.
पाणी थांबलं तर जाळी पडते.

"ताणा कुठला यातला, बाणा कुठला?"
मला सांगता आलं नाही. पुस्तकात नव्हतं.
"घरं एकसारखी आहेत," म्हणाले.
"शिकवलं कुणी?"
आठ गुण, म्हटलं मी, दुसरं काही सुचेना म्हणून.

ऊन चढलं. डबा खाल्ला, भाकरी आणि शेंगाचटणी.
हात धुवायला ते ओढ्याशी वाकले,
बोटं पाण्याच्या वर वितभर असताना थांबले,
नखांकडं पाहिलं,
आणि उठून
तेलकट हात तसेच धोतराला पुसले.